ऋतिकाचा निळा उजेड

ऋतिकाचं चांगलं झालेलं मला बघवत नाही. आधीच सांगून टाकते, म्हणजे मला चांगली बाई समजून तुम्ही पुढे वाचायला नको. तिने नवा ड्रेस घातला की माझ्या पोटात दुखतं. सरांनी तिला "वा, ऋतिका" म्हटलं की माझा चहा कडू होतो. आणि ती तिच्या त्या निळ्या उजेडाची गोष्ट सांगायला लागली की मला वाटतं, उठावं आणि बाथरूममध्ये जाऊन पाय आपटावेत. एकदा आपटलेही आहेत.

आम्ही दोघी कर्जतच्या कॉलेजात एका बाकावर बसून फिजिक्स शिकलो, आणि नोकरीलाही एकाच ऑफिसात लागलो. मी अपेक्षा, चौक गावची. ती कशेळ्याच्या पलीकडची. ऑफिस चौकहून खालापूरकडे जाताना आतल्या अंगाला आहे. बाहेरून बघणाऱ्याला वाटावं औषधांचं गोडाऊन असेल. काम काय करता असं कुणी विचारलं आणि मी "अणुभट्टीचं" म्हणाले की माणूस आधी घाबरतो, मग हसतो, मग विचारतो, "इथे? चौकला?"

हो, इथेच. भट्टी इथे नाही, ती परदेशात आहे. तिचा हिशेब इथे होतो. भट्टीच्या पोटात इंधनाच्या उंच चौकोनी जुड्या उभ्या असतात, टोपलीत मेथीच्या जुड्या दाटीने उभ्या कराव्यात तशा. दीडेक वर्ष त्या तापतात, पाण्याची वाफ करतात, वाफेवर वीज होते. मग भट्टी बंद करायची. ज्या जुड्या दमल्या त्या काढायच्या, तेवढ्या नव्या घालायच्या आणि उरलेल्या जागा बदलून परत लावायच्या. कुठली कुठे लावायची, हाच सगळा घोळ. नव्या जुडीला जोर फार. दोन नव्या शेजारी आल्या तर तिथली उष्णता हद्दीबाहेर जाते. नव्या सगळ्या कडेला लोटल्या तर त्यांचा जोर भिंतीकडे वाया जातो आणि भट्टी मुदतीआधीच दमते. म्हणून नवी, अर्धी जळलेली, जुनी अशी मांडणी जुळवायची आणि कॉम्प्युटरला द्यायची. मग तो पुढचं दीड वर्ष चहा संपेपर्यंत जाळून दाखवतो. कुठल्या महिन्यात कुठली जुडी किती तापेल, सगळं दिसतं. लाल दिसलं, म्हणजे हद्द ओलांडली, की मोडायचं, पुन्हा मांडायचं. माझी जवानी यातच चालली आहे.

आणि एवढं सगळं करून मी ती भट्टी डोळ्यांनी पाहिलेली नाही. तिथल्या वीज केंद्राची माणसं, आमच्या भाषेत केंद्रवाले, दर वेळी आमच्यातल्या एकाच माणसाला बोलावतात. ज्याची मांडणी निवडली, त्याने तिकडे जायचं, जुड्या लावून होईपर्यंत तिथे थांबायचं, भट्टी पेटलेली बघायची आणि यायचं. मला तिथे जायचंय. मला दुसरं काही नको. पगार वाढवू नका, खुर्ची बदलू नका, मला एकदा तिकडे पाठवा.

मागच्या वेळी ऋतिका गेली.

ऋतिका कशी आहे ते सांगते. हसते ते इतक्या मोठ्याने की बाहेरचा वॉचमन आत डोकावतो. टेबल असं की त्यावर उंदीर हरवेल. दुपारी डबा उघडला की "काय आणलंस गं?" असं विचारते तेव्हा तिचा हात तुमच्या डब्यात आधीच गेलेला असतो. आणि आपला डबा, तिच्या आईच्या हातची नाचणीची भाकर आणि सुकटाची चटणी, अख्ख्या ऑफिसला वाटून टाकते. सुंदराकाकूंची ती चटणी फार चांगली असते. तेही मला आवडत नाही.

तिचे वडील आबाजी. कशेळे ते कर्जत अशी त्यांची वडाप जीप होती. शाळा सुटली की ऋतिका मागच्या पायरीवर उभी राहून माणसं बसवायची. "मावशी, तू मधी हो. बाबा, टोपली टपावर टाका. तुमी लवकर उतरणार ना, मग कडेला बसा." तेव्हा जी जागा जुळवायची सवय लागली, तीच तिने भट्टीत आणली. स्क्रीनवरच्या जुड्यांशी बोलते ती. "ही म्हातारी हितं बसव. ही नवी लय चढेल, तिच्या बाजूला दोन शांत दे." आणि बसते मांडणी! मी तीन दिवस ओळीने शिस्तीत करून बघते, तेव्हा जिथे पोचते तिथे ही भाकर चघळत पोचलेली असते. आमचे रोहिदास सर कुणीही पाहुणा आला की त्याला ही जीपची गोष्ट सांगतात. माझ्या बापाचं गॅरेज आहे, ते कधी कुणाला सांगितलं नाही त्यांनी.

ती परदेशातून आली तेव्हा कशेळ्याच्या नाक्यावर फ्लेक्स लागला. "आपल्या भागाची शान, अणुशास्त्रज्ञ कु. ऋतिका हिचे हार्दिक अभिनंदन." वर पुढाऱ्यांचे मोठे फोटो, खाली शुभेच्छुकांचे बारके फोटो, मध्ये ही. आणि हिच्या डोक्यामागे फ्लेक्सवाल्याने चक्क अणुबॉम्बच्या स्फोटाचा ढग लावलेला! मी तो बघायला मुद्दाम स्कूटी काढून गेले. म्हटलं, आता रडेल, आता कुणाला तोंड दाखवायची नाही. तर ही बाई त्याच्याखाली उभी राहून फोटो काढत होती आणि हसून हसून तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. मला ओढून घेतलं शेजारी. त्या फोटोत माझं तोंड एरंडेल प्यायल्यासारखं आलंय.

आणि मग ती निळ्या उजेडाची गोष्ट. ऑफिसात, जीपमध्ये, हळदीकुंकवाला, जिथे चार माणसं तिथे.

"वापरलेल्या जुड्या पाण्याखाली ठेवतात ना, खोल, विहिरीसारख्या हौदात," असं ती सुरू करते. "दिवे घालवले त्यांनी. मला म्हणाले, आता बघ. आणि खालून निळा उजेड! आपला ट्यूबलाइटचा नाही हं. असा निळा मी कुठेच बघितला नाही. पाणीच उजळलेलं. आणि क्रेन कशी, हळूहळू, देवीची पालखी उचलावी तशी जुडी उचलते. त्यात काय झालं, एक जुडी गळकी निघाली. बारीक भोक पडलेलं. मग ती काढली आणि हौदात तळाला पडलेली जुनीच एक उचलून तिच्या जागी आणून ठेवली. मी तिथे उभी! माझ्या अंगावर काटा आला."

ऐकणाऱ्याच्याही येतो. माझ्याही येतो. पाठ झालीय मला ती गोष्ट, कुठे थांबते, कुठे हात वर करते, सगळं. मला झोपेत उठवलंत तरी सांगेन. पण तो उजेड तिने पाहिला, मी नाही.

आता आमच्या गॅरेजचं सांगते, कारण त्याशिवाय पुढचं कळायचं नाही. माझे वडील पांडू, आम्ही त्यांना आप्पा म्हणतो. त्यांचं गॅरेज चौकला जुन्या हायवेवर. बरोबर समोर, रस्त्याच्या पलीकडे कमळ्याकाकाचं. दोघांचं जन्मात पटलं नाही. गिऱ्हाईक तुझं की माझं यावरून तोंडं, पाण्याच्या टाकीवरून तोंडं. एकमेकांच्या घरच्या लग्नाला जातात आणि परत येताना भाजीला नावं ठेवत येतात. पण त्या दोघांत एक रीत आहे. ब्रेकचं काम केलेली गाडी घाटात जायची असेल, तर ज्याने काम केलं त्याने ट्रायल घ्यायची नाही. समोरच्याने घ्यायची. आप्पा रस्ता ओलांडत नाहीत. शिट्टी मारतात आणि चावी वर धरतात. कमळ्याकाका हात पुसत येतो, गाडीकडे बघून नाक मुरडतो आणि घेऊन जातो. त्याची गाडी असली की आप्पा जातात. कॉलेजात असताना ऋतिका एकदा आमच्याकडे आली होती, तेव्हा हे मी तिला सांगितलं होतं. ती भजी खात होती, ऐकलं की नाही कुणास ठाऊक.

आमच्या ऑफिसातही असाच नियम आहे. एकीने केलेली मांडणी दुसरीने तपासायची, शंका असेल ती लिहायची आणि मग सही करायची. ऋतिकाची मांडणी दर वेळी माझ्याकडे येते. माझी तिच्याकडे. मी तिच्या मांडणीत खुसपटं काढून पान भरवते. ती माझ्या मांडणीवर लिहिते, "छान. शंका नाही." पुढे हसरं तोंड काढते. अंगाचा तिळपापड होतो माझ्या.

या खेपेला मी मांडणी केली ती जीव ओतून. आईला सांगितलं, मला लग्नाचं विचारू नकोस, जेवायला हाक मारू नकोस. आणि चांगली झाली होती हो. कुठे लाल नाही, मुदत पुरी. सरांनी दोन्ही मांडण्या बघितल्या, चष्मा कपाळावर चढवला आणि म्हणाले, "अपेक्षा, तुझी सुंदर आहे. ऋतिकाची चार-पाच दिवस जास्त चालते."

चार-पाच दिवस! दीड वर्षात चार-पाच दिवसांनी माझा निळा उजेड गेला.

"सोमवारी केंद्रवाल्यांशी मीटिंग आहे. तोवर ऋतिकाची तू तपासून टाक," सर पुढे म्हणाले.

"मीच का, सर?" मी विचारलं. "दर वेळी मीच का? दुसरं कुणी नाही का ऑफिसात?"

"तूच बघ," असं म्हणून सर निघून गेले. मला वाटलं, हा माणूस मीठ चोळायलाच बसलाय.

शुक्रवारी मी तिची मांडणी कॉम्प्युटरवर जाळली. लाल नाही. पुन्हा जाळली. नाही. ऋतिका मागून येऊन खुर्चीला टेकली, माझ्या डब्यातलं वांगं उचललं आणि म्हणाली, "सापडलं का काय?" मी म्हटलं, "जा गं तू." ती गेली, आणि पलीकडे नव्या पोरांना सांगायला लागली, "दिवे घालवले त्यांनी, मला म्हणाले, आता बघ..." मी दात आवळून बसले. निळा उजेड झाला, पालखी झाली, गळकी जुडी झाली, तिच्या जागी जुनी आणून ठेवली.

आणि मी थांबले. जुनी आणून ठेवली?

हे नीट सांगते. भट्टीचे चार पाव, म्हणजे चार चतुर्थांश, सारखे असतात. प्रत्येक जुडीची दुसऱ्या तीन पावांत तीन सख्खी भावंडं, सारखीच जळलेली. म्हणून आम्ही एकच पाव मांडतो आणि बाकीचे तीन तसेच धरतो. वेळ वाचतो, आणि दर वेळी बरोबरही येतं. पण त्या गळक्या जुडीच्या जागी जी आणून ठेवली, ती तिच्या भावंडांसारखी कशी असेल? ती जुनी खरी, पण कमी जळलेली, म्हणजे तिच्यात जोर जास्त. तेव्हाचा हिशेब केंद्रवाल्यांनी तिथल्या तिथे करून घेतला होता. आमच्याकडे मात्र चार भावंडं सारखीच चालत आली. जिने ती जुडी बदलताना डोळ्यांनी पाहिली, जिच्या अंगावर काटा आला, जी ही गोष्ट अख्ख्या कर्जत तालुक्याला सांगत सुटली, तीच मांडायला बसल्यावर ते विसरली!

पाव सोडून अख्खी भट्टी जाळायला फार वेळ लागतो. मी शनिवारी सकाळी ती लावली आणि समोर बसून राहिले. चौथ्या पावात ती सावत्र जुडी नेमकी एका नव्या जुडीच्या शेजारी आली होती, आणि तिथे चांगलंच लाल झालं होतं. मी टाळी वाजवली. एकटीच होते हॉलमध्ये, तरी वाजवली. इतका आनंद मला पहिल्या पगाराचाही झाला नव्हता.

आता नियमाने मी ती शंका लिहून तेव्हाच पाठवायला हवी होती. पण पाठवली तर काय होणार? ऋतिका "अगं बाई!" म्हणणार, भाकर तोंडात धरून तासाभरात सगळं दुरुस्त करणार आणि विमानात बसणार. नाही पाठवायची, असं मी ठरवलं. सोमवारी मीटिंगमध्ये, सगळे स्क्रीनवर आलेले असताना, मी शांतपणे म्हणणार होते, "सर, एक शंका आहे." तिची मांडणी तिथल्या तिथे पडेल, आणि माझी तयारच आहे. चुकीची मांडणी भट्टीपर्यंत जाऊ द्यायचं माझ्या मनात नव्हतं, तेवढी वाईट नाही मी. मला फक्त ती पडलेली बघायची होती. सगळ्यांसमोर, आणि एकदाच.

रविवारी मी गॅरेजच्या बाकड्यावर बसून मीटिंगमधलं वाक्य मनात घोळवत होते. आप्पांनी एका पिकअपच्या ब्रेकचं काम केलं होतं. गाडी माल घेऊन लोणावळ्याला चढणार होती. शिट्टी झाली, चावी वर झाली, कमळ्याकाका नाक मुरडत येऊन गाडी घेऊन गेला. परत आला तो लांबूनच हॉर्न वाजवत.

"पांड्या!" खाली उतरायच्या आधीच ओरडला. "डावीकडं वढतीय गाडी! डोळं हायेत का शर्टाची बटनं?"

चहाच्या टपरीवरची माणसं हसली. आप्पांचे कान लाल झाले. त्यांनी जॅक लावला आणि चाक उघडायला घेतलं.

"काका, मजा आली ना?" मी विचारलं.

"आली की गं! का नाय येनार? आज भाकर ग्वाड लागनार मला."

"मग एवढ्यात कशाला सांगितलंत? ड्रायव्हर आला असता, माल भरला असता, सगळी जमली असती, तेव्हा सांगायचं. जास्त मजा."

कमळ्याकाकाचं हसू गेलं.

"येडी का काय तू? ड्रायव्हर काय माझं तोंड उघडस्तोवर थांबनार हाय? आनि तवर तुझा बाप दुसऱ्या गाडीला हेच लायनर ठोकून बसला म्हंजी?" त्याने चाकाशी वाकून आप्पांच्या हातातलं ब्रेकचं लायनर ओढून घेतलं, नखाने खरवडलं आणि शिवी हासडली. "मायला, पांड्या, हे त्याच खोक्यातलं ना? आपन दोघांनी वाटून घेतलं ते?"

"त्याच," आप्पा म्हणाले.

"मी बी कालच लावलं त्या जीपला!" असं ओरडत तो रस्ता ओलांडून पळाला. साठीचा माणूस, पण वाटेतल्या टायरवरून जी उडी मारली! दोन मिनिटांत समोर त्याचाही जॅक लागला.

मी बाकड्यावरून उठले. त्याच खोक्यातलं. ऋतिकाने जिथून जुड्या घेतल्या तिथूनच मीही घेतल्या होत्या. तीही पाव मांडते, मीही पावच मांडला. तिची अख्खी भट्टी मी जाळून बघितली. माझी कुणी बघितली होती? ऋतिकाने. "छान. शंका नाही," आणि पुढे हसरं तोंड.

स्कूटी काढून तशीच ऑफिसला गेले. वॉचमन म्हणाला, "म्याडम, रविवारी?" मी उत्तरही दिलं नाही. माझी मांडणी, अख्खी भट्टी. समोर बसले. या वेळी टाळी वाजवायला हात उठले नाहीत. माझ्या मांडणीत सावत्र जुडी दोन नव्या जुड्यांच्या मध्ये बसली होती, आणि माझं लाल तिच्या लालपेक्षा मोठं होतं.

म्हणजे बघा. सोमवारी मी "एक शंका आहे" म्हणून ऋतिकाला पाडलं असतं. मग सगळ्यांनी माझी मांडणी उचलली असती. तपासलेली, सही झालेली. आणि मी त्या परदेशी माणसांसमोर छाती काढून म्हटलं असतं, हो, ही घ्या. पुढे केंद्रवाल्यांनी त्यांच्या तपासणीत ती पकडली असती, तर तोंड माझंच काळं झालं असतं. नसती पकडली तर काय, तो विचार मी अजून पुरा केलेला नाही.

सोमवारी सकाळी ऋतिका नेहमीसारखी उशिरा आली. मी अख्ख्या भट्टीचे दोन्ही कागद तिच्या टेबलावर आपटले. "ही तुझी. ही माझी. दोन्ही सडक्या."

तिने आधी आपला बघितला. "गळकीच्या जागची," ती पुटपुटली. "अगं बाई, मी समोर उभी होते की गं!" मग तिने माझा बघितला. मग पुन्हा आपला, आणि बोट कागदाच्या कोपऱ्यावर ठेवलं. तिथे शनिवारची तारीख होती.

"शनिवारी सापडलं तुला हे?"

"हो."

"मग फोन का नाही केलास?"

खोटं बोलायला जीभच वळेना. "मीटिंगमध्ये सांगणार होते," मी म्हटलं. "सगळ्यांसमोर."

मला वाटलं, आता ओरडेल. मी तयारच होते, उलट ओरडायला. पण ती खुर्चीत बसली आणि डोकं हलवत म्हणाली, "वाटलंच मला. म्हणून तर मी सरांना सांगते, माझी अपेक्षाकडेच द्या."

"काय?"

"दर वेळी सांगते. पहिल्यापासून. बाकीचे माझं चांगलं आहे असं धरून बघायला बसतात, मग त्यांना चांगलंच दिसतं. तू खार खाऊन बसतेस. तुझ्या बापासमोरचा तो कमळ्या नाही का, तशी."

"तू ऐकलं होतंस ते?"

"भजी खाताना कान बंद होतात का गं?"

म्हणजे इतकी वर्षं मी जे आत दाबून ठेवलं होतं, ते हिला माहीत होतं. नुसतं माहीत नव्हतं, हिने ते कामाला लावलं होतं! माझा हेवासुद्धा माझा राहिला नव्हता. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, रागाचं.

"मग माझी तपासताना तू का नाही खात खार माझ्यावर?" मी ओरडले. "का नाही बघत तशी? छान छान लिहून मोकळी होतेस!"

तिला खरंच प्रश्न पडला होता.

"तुझ्यावर?" ती म्हणाली. "कशाला?"

तिच्या मनात काही नव्हतं. म्हणूनच ते जास्त लागलं. कुणी कानाखाली मारली असती तर मी परत मारली असती. याला काय करणार? मी जाऊन माझ्या जागेवर बसले.

सरांना आम्ही दोघींनी मिळून सांगितलं. शनिवारचं मीच सांगितलं, ऋतिकाने ते काढलं नव्हतं. सर माझ्यावर मोठ्याने बोलले, जे बोलायला हवं होतं तेवढं सगळं. मग त्यांनी मीटिंग गुरुवारवर ढकलली आणि म्हणाले, "दोघी पुन्हा मांडा. अख्खी भट्टी."

मी पुन्हा मांडायला बसले तेव्हा रागात होते. त्या सावत्र जुडीला कुठे बसवावं? जिथे बसवावी तिथे तिची भावंडं आडवी येतात. आणि मग दिसलं, अख्ख्या भट्टीत एकच जागा अशी आहे जिला भावंडं नाहीत. अगदी मधली. तिला चारी पाव सारखेच. मी सावत्रीला मधोमध बसवलं, तिची तीन भावंडं काढून हौदात पाठवली, या चौघांच्या जागी हौदातलीच दुसरी सारखी चार आणली. लाल गेलं. शिवाय मध्ये जोराची जुडी आल्यामुळे भट्टी आधीपेक्षा जास्त दिवस चालायला लागली.

ऋतिकानेही तेच केलं, पण तिच्या मांडणीत मधल्या जुडीवर बाकीचं सगळं टेकलेलं होतं. ती हलली आणि बाकी जीप उधळली. तिने बसवली पुन्हा, पण त्यात तिच्या भट्टीचे चालायचे सहा दिवस कमी झाले.

"अपेक्षाची," सर म्हणाले. "ऋतिका, तू तपास."

मी ऋतिकाकडे बघितलं. ती टाळ्या वाजवत होती. सगळ्यात मोठ्याने, नेहमीसारखं. पण टाळ्या थांबल्यावर ती लगेच आपल्या जागेवर जाऊन बसली. दुपारी मी डबा उघडला, भरलं वांगं होतं, तिच्या आवडीचं. तिचा हात आला नाही.

"घे की गं," मी म्हटलं.

"भूक नाही."

ऋतिकाला भूक नाही! मी तिच्याकडे नीट बघितलं. ती माझ्या स्क्रीनकडे बघत होती, त्यावर व्हिसाचा अर्ज उघडा होता. ती नजर मी ओळखली. ओळखणारच, रोज सकाळी आरशात बघते मी ती.

दुसऱ्या दिवशी तपासणी आली. "छान" नव्हतं. हसरं तोंड नव्हतं. तिने अख्खी भट्टी दोनदा जाळली होती आणि तीन शंका लिहिल्या होत्या. त्यातल्या दोन उगाच काढलेल्या, निव्वळ मला टोचायला. तिसरी खरी होती. शेवटच्या महिन्यात कडेची एक जुडी हद्दीच्या फार जवळ जात होती, ते माझ्या लक्षात आलं नव्हतं. मी ती बदलली.

"तिकडून काय आणू तुला?" जायच्या आदल्या दिवशी मी विचारलं.

"काही नको," ती म्हणाली. मग माझ्याकडे न बघता, "दिवे घालवायला सांग त्यांना. ते आपणहून घालवत नाहीत नेहमी."

सात वर्षांत मला तिच्यावर पहिल्यांदा माया आली. पण तेवढ्याने मी विरघळले नाही. घरी जायच्या आधी सरांच्या केबिनमध्ये गेले आणि सांगून ठेवलं, पुढच्या खेपेला माझी मांडणी ऋतिकाकडेच द्या, दुसऱ्या कुणाकडे नको.